पेढे चार वर्षांनी

शैलजाताई पगार यांना मी प्रथम पाहिले ते नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस, नाशिकच्या द्वारका चौकात टायरच्या दुकानावरच्या त्यांच्या कचेरीत. ताई सीए. माझे सगळे भवितव्य त्यांच्या एका सहीवर अडले होते, आणि त्यांनी ती केली नाही.

बारावीनंतर मला अमेरिकेतल्या विद्यापीठात चार वर्षांच्या पदवीसाठी प्रवेश मिळाला होता. शिष्यवृत्ती नावापुरती. नांदगावच्या आमच्या कापडदुकानावर बाकीचा खर्च झेपणारा नव्हता. तेव्हा अनेक घरांत व्हायचे तेच ठरले: काका-मामांनी ठेवी मोडून रक्कम वडिलांच्या खात्यात ठेवायची आणि व्हिसा मिळाला की परत न्यायची. आर्थिक स्थितीच्या दाखल्यावर ताईंची सही तेवढी हवी होती.

"भाऊ, हे पैसे तुमचे आहेत का?" ताईंनी वडिलांना विचारले.

"पंधरा दिवसांचा तर प्रश्न हाय, ताई. सगळेच करतात."

"आणि दुसऱ्या वर्षाची फी? पोरगी अर्ध्यातून परत आली तर?"

जिना उतरताना वडील पुटपुटले, "लय तत्त्वाची बाई हाय." दुसरा सीए सहज मिळाला असता, पण तो प्रश्न त्यांच्या डोक्यातून जाईना. प्रवेश हातचा गेला. मला ताईंचा मनस्वी राग आला होता.

आठवड्याने दुकानात त्यांचा फोन आला. "पोरीला माझ्याकडे पाठवा. वर्ष वाया जाऊ देणार नाही."

मी वर्षभर त्यांच्या घरी राहिले. वडील खरोखर किती देऊ शकतील, हे ताईंनी त्यांच्याकडून वदवून घेतले आणि तोच लाजिरवाणा आकडा प्रत्येक अर्जात घालायला लावला. नकारांमागून नकार आले. अखेर एका लहानशा कॉलेजने चारही वर्षांची फी माफ केली. राहण्या-जेवण्यापुरते वडिलांचे पैसे आणि ग्रंथालयातले काम पुरणार होते. निघताना ताईंनी स्वतःचा लोकरी कोट दिला. बाह्या मला बोटांपर्यंत यायच्या.

वडील पेढे घेऊन गेले, तर ताईंनी खोका उघडलाच नाही. "भाऊ, पेढे चार वर्षांनी. पदवी हातात पडली की."

तिसऱ्या वर्षी वडिलांच्या हृदयाचे ऑपरेशन झाले, दुकान कित्येक महिने बंद राहिले. दाखवायला आणलेल्या पैशांवर गेले असते, तर तेव्हाच बॅग भरावी लागली असती. फी माफ होती म्हणून टिकले. जेवणाला कमी पडले ते ताईंनी पाठवले, आणि आभाराचा शब्द उच्चारू दिला नाही.

पदवी घेऊन नाशिक रोडला उतरले, तेव्हा वडील खोका घेऊनच उभे होते. "घरी मग जाऊ. आधी द्वारका." ताईंनी पेढा मोडून अर्धा वडिलांना दिला. ज्या खुर्चीत एकदा नकार ऐकला होता, तिथेच बसून वडील रडले.

आज ताईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. वडिलांना आता जिना चढवत नाही. त्यांनी निरोप दिला आहे, "शंभरीचे पेढे बी मीच आणणार, सांग त्यांना."

ताई, आपल्याला निरोगी दीर्घायुष्य लाभो. भाऊंच्या या मागणीला तरी आपण नाही म्हणू नये.