आईचं बटण

काल वणीच्या घरात माझी पोळी करपली. लेक सुपरहिरोची मालिका बघत होता आणि माझी मान तिकडेच वळलेली होती. त्या करपट वासानं मला थेट पुसदला, माहेरी नेलं.

तिथे आमच्या टीव्हीला, कोण काय बघतं ते मोजणारा डबा लावलेला होता. घरातल्या प्रत्येकाचं त्यावर एक बटण. रविवारी आमची सुपरहिरोची मालिका लागली, की आम्ही भावंडं बटणांवर तुटून पडायचो. आई लाटणं घेऊन दारात उभी असायची.

"आई, तुझं दाबू?"

"मी कुठं पाहून राह्यली वं? मी तं पोळ्या करून राह्यली."

रविवारची एक पोळी मात्र हमखास करपायची, आणि ती आईच खायची.

पुढे प्रेक्षक कमी पडले म्हणून मालिका मध्येच बंद झाली. आम्ही विसरूनही गेलो. एके दिवशी कणीक मळता मळता आईनं हळूच विचारलं, "काहून वं, त्या हिरोले त्याची माय सापडलीच नाही का मंग?"

आम्हाला हसू आलं होतं. आता येत नाही.

काल लेकानं विचारलं, "आई, तू पण पाहून राह्यली का?"

"मी कुठं?" म्हणाले, आणि करपलेली पोळी माझ्या ताटात घेतली.