मैदानाखालची बावडी

माझं शिक्षण हिंदीत झालं आणि घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, तरी मराठीत लिहायला बसलो आहे, माफ करा. देवासजवळच्या एका गावात शिकाऊ शिक्षक असताना मी पाचवीच्या मुलांना टॅबवर गावाचा इतिहास शोधायला शिकवत होतो. एक मुलगी म्हणाली, "सर, आजोबा सांगतात, आपल्या मैदानाखाली पायऱ्यांची बावडी आहे."

"आजोबा इंटरनेटवर आहेत का?" मी विचारलं. वर्ग हसला. टॅबवरच्या नकाशात बावडी दिसली नाही, म्हणून त्या मुलीने बनवलेला बावडीचा तक्ता मी शाळेच्या प्रदर्शनाला पाठवला नाही. मला काही वाटलंही नाही.

प्रशिक्षण संपल्यावर मी धारला घरी परतलो. परवा तिथल्या हेडमास्तरांचा फोन आला, माळव्यात भावाला म्हणतात तसं, "भिया, मैदानात नव्या वर्गाचा पाया खणताना बावडी निघाली. सगळं गाव पाहून गेलं, ती पोरगी तेवढी आली नाही."