हात लावायचा राहिला

कॉल आला तेव्हा सव्वाचार वाजले होते. पुरुष, वय छप्पन्न, छातीत कळ येऊन कोसळले, देवपूर. कंट्रोल रूमच्या मुलीनं गल्ली सांगितली, मग खूण सांगितली, पिठाच्या गिरणीवरचा पहिला मजला... आणि माझा पेन कागदावर तिथेच थांबला. त्या घरी मी आठ वर्षं दर दिवाळीला फराळाला जात होते. आमचे ड्रायव्हर युसूफभाई यांनी विचारलं, "कोणाचं घर?" मी म्हटलं, "नानांचं." युसूफभाईंनी सायरन लावून गाडी पांझरा नदीच्या पुलावर घातली. दोनच तासांपूर्वी नानांनी मला ड्यूटी सोपवली होती, चहा पाजला होता आणि स्कूटरला किक मारून ते घरी गेले होते.

नाना म्हणजे भास्करनाना. रुग्णवाहिकेवर तंत्रज्ञ, म्हणजे दवाखान्याचं दार येईपर्यंत पेशंट ज्याच्या ताब्यात असतो तो माणूस. मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा माझ्याकडे नवं कोरं सर्टिफिकेट होतं आणि त्याहून मोठं तोंड होतं. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, "पोरी, तू बोलतेस त्याच्या निम्म्या वेगानं इसीजीच्या चिकटपट्ट्या लावल्यास ना, तरी माणसं वाचतील." मला राग आला होता. घरी जाऊन मी आईला सांगितलं, म्हातारा खडूस आहे. पुढं त्याच खडूस म्हाताऱ्याकडून मी सगळं शिकले, आणि आज आठ वर्षांनी मला जे येतं त्यात पुस्तकातलं थोडं आहे.

पारोळ्याचा तो कापड दुकानदार मी विसरणार नाही. भर मे महिना, दुपारची वेळ. शेठ गादीवर लोडाला टेकून बसलेले, समोर सोड्याची बाटली. "काही नाही हो, काल शेवभाजी जास्त झाली, गॅस आहे," असं आम्हालाच समजावत होते. त्यांच्या मुलांनी उगाच फोन केला म्हणून त्यांना लाज वाटत होती. मीही मनात म्हटलं, गॅसच असणार. कपाळावर घाम होता, पण त्रेचाळीस डिग्रीत घाम कोणाला नसतो? नानांनी उलटा हात शेठच्या कपाळाला लावला, मग मानेला, आणि माझ्याकडे बघितलं. "लाव हात." मी लावला. गार. माठाला बाहेरून हात लावावा तसा गार. इसीजी काढला, कागदावर अटॅक स्पष्ट दिसत होता. गोळी चावायला दिली, स्ट्रेचरवर घेतलं, एक पाऊल चालू दिलं नाही. धुळ्याच्या अलीकडे शेठचं हृदय थांबलं, नानांनी एक शॉक दिला आणि ते परत आले. डोळे उघडून पहिलं काय म्हणाले, तर दुकानाचं शटर ओढलं का.

परतताना नाना म्हणाले, "आपल्याकडे उन्हाळ्यात सगळेच घामेजलेले दिसतात. इथं डोळ्यावर जाऊ नको. उन्हाचा घाम कोमट असतो, हा गार असतो. हात लावल्याशिवाय कळत नाही." आणि मग, "ज्याला त्याला पित्तच झालेलं असतं. त्याच्या तोंडावरही जाऊ नको."

हात लावणं म्हणजे आमच्याकडे सोपी गोष्ट नाही. नरडाण्याजवळच्या एका गावात म्हातारी खाटेवर आडवी होती, जबडा दुखतो म्हणत होती, जे हृदयाचंही लक्षण असू शकतं, आणि तिचा मुलगा नानांच्या आडवा उभा राहिला. बाईमाणसाला हात कशाला, मशीन लावा म्हणे. नाना शांतपणे अहिराणीत म्हणाले, "भाऊ, तुना मान राहू दे बाजूले. माले माय जगाडनी शे." मग म्हातारीकडे वळून, "माय, हात लावू का?" ती हो म्हणाली. ती पुढं दोन वर्षं जगली. मुलगा दर पोळ्याला नानांना फोन करायचा.

हे सगळं मला माहीत होतं... आता त्या दुपारबद्दल लिहिते.

दोन वाजता मी पोहोचले तेव्हा नाना बाकावर बसले होते. एरवी ते उभ्यानं ड्यूटी सोपवायचे, ऑक्सिजन किती, गोळ्या किती, सगळं घडाघडा सांगून निघायचे. त्या दिवशी वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "तूच बघून घे." शर्ट पाठीला चिकटला होता. मी म्हटलं, "नाना, बरं नाही का?" ते हसले. "बठ्ठं बराबर शे, सगळं ठीक आहे. सकाळपासून पित्त झालंय जरा." चहा त्यांनी अर्धा टाकला. मी बघत होते. माझा हात गुडघ्यावर होता, त्यांच्या कपाळापासून फूटभर अंतरावर. तो उचलला गेला नाही. का नाही? कारण ते नाना होते. वडीलधाऱ्या माणसाच्या कपाळाला आपण कसा हात लावायचा? पाया पडताना पावलांना लागला असेल तेवढाच. अनोळखी माणसांची कपाळं मी रोज तपासते, आणि ज्यांनी ते शिकवलं त्यांच्यासमोर मी मुलगी होऊन बसले. वर मी म्हणाले काय, तर "नाना, ताक घ्या घरी गेल्यावर." मला माझीच चीड येते.

सव्वाचारच्या कॉलला आम्ही अकरा मिनिटांत पोहोचलो. त्यांच्या छातीवर तळहात ठेवून मी दाबायला लागले, मोजत, त्यांनी शिकवलं होतं तसं मोठ्यानं. तीन शॉक दिले. दवाखान्यापर्यंत दाबत राहिले, तिथं डॉक्टरांनी माझा खांदा धरून थांबवलं. अंग गार होतं. आधीपासून होतं की तेव्हा झालं, हे मला आता कधीच कळणार नाही.

तेव्हापासून माझा हात माझ्या ताब्यात नाही. एसटीत शेजारचा माणूस घामेजला की बोटं वळवळतात. परवा बँकेत एका कारकुनाच्या कपाळाला मी खरंच हात लावला. तो दचकला, रांगेतली माणसं हसली. घाम कोमट होता.

दहाव्याला अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, मला आतल्या खोलीत घेऊन बसल्या. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. म्हणाल्या, नाना घरी येऊन आडवे झाले तेव्हा मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ. तर म्हणाले, "पोरनी देखं ना माले. काही ऱ्हातं ते तिनी माले घर येऊ दिधं असतं का?" पोरीनं बघितलंय, काही असतं तर तिनं सोडलं नसतं, हे अक्का कौतुकानं सांगत होत्या. तुझ्यावर किती विश्वास होता बघ, म्हणाल्या. मी मान हलवली, पुढ्यातला चहा संपवला आणि घरी आले.

त्यानंतर अक्कांचे चार फोन आले. ये ना, बसू, म्हणतात. मी ड्यूटीचं निमित्त सांगते.

अक्का, नानांनी माझ्यावर सोपवलं होतं आणि मी त्यांना हातही लावला नाही. तोंडानं हे सांगायचं धाडस मला झालं नाही, म्हणून इथं लिहिलं. वर्तमानपत्राची ही पुरवणी तुमच्याकडे शनिवारी येते. रविवारी सकाळी मी जिना चढून येईन. दार उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.