आवाज बंद करून

सहदेव घाडी साकीनाक्याला एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर सरकारी कार्टून बनवतो. वय त्रेपन्न. वडील परळच्या गिरणीत होते, हा घाटकोपरला राहतो. क्षयरोग, हेल्मेट, मतदार नोंदणी, सगळं त्याने काढलेलं आहे.

त्याची एक पद्धत आहे. चित्रफीत तयार झाली की गोवंडीला बहिणीकडे जायचं आणि तिला आवाज बंद करून दाखवायची. दवाखान्यांतले टीव्ही मुकेच असतात, हे त्याने पाहिलेलं आहे.

यंदा विषय डेंग्यूचा होता. पडद्यावरची बाई हसतमुखाने पाण्याचा भरलेला ड्रम गटारात ओतते, घासते, उन्हात पालथा घालते. बहिणीने, जानकीने, फोन परत दिला.

"ह्या बाईक येड लागला काय रे?"

"आठवड्यातून एकदा रिकामा करायचा, ताई. डास होतात."

"आमच्याकडे दिवसाआड अर्धा तास पाणी. हे गटारात ओतू? तुझ्या सायबाक सांग, येऊन भरून दे."

सोमवारी सहदेवने आरोग्य खात्यातल्या इरावती मॅडमना फोन केला. शुक्रवारी चित्रफीत द्यायची होती. ड्रम ओतण्याच्या या बारा सेकंदांमुळे ड्रमवर जगणाऱ्या वस्त्या सगळा संदेशच हसण्यावारी नेतील, असं त्याने सांगितलं.

"चित्रफितीतलं निवेदन मंजूर आहे. 'रिकामा करून घासा'. एक शब्द बदलला तर फाइल पुन्हा वर जाईल, मग पावसाळ्यानंतर या," मॅडम म्हणाल्या.

"शब्द नाही बदलत, मॅडम. चित्र?"

मॅडमनी फाइल चाळली. मग म्हणाल्या, "चित्राबद्दल फाइलीत काही नाही."

चार दिवसांत त्याने ती बारा सेकंदं पुन्हा काढली. आता बाई शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या रिकाम्या ड्रमच्या तोंडाला कापड बांधते, पाणी गाळून त्यात ओतते, रिकामा झालेला ड्रम घासते. गटार पुसून टाकलं. निवेदन होतं तसंच राहिलं. शुक्रवारी मॅडमनी पाहिलं आणि सही केली.

महिन्याने तो गोवंडीला गेला. जानकीच्या दाराशी दोन ड्रम होते, भरलेल्याच्या तोंडाला जुन्या साडीचा तुकडा घट्ट बांधलेला.

"दवाखान्यात बघितलं तुझं," ती म्हणाली. "कापड एकेरी दाखवलंस. त्यातून डासांच्या अळ्या खाली जातात. चार घड्या करायच्या."

सहदेवने मान हलवली. चित्रफीत तोवर सगळ्या दवाखान्यांत लागली होती.