बायकोचं लायसन्स

माझी बायको विम्याची एजंट होती. मी ढिवर माणूस, तळ्यात जाळं टाकणारा, शाळा चौथीपर्यंत. ती मॅट्रिक. आमच्या नागभीडकडच्या खेड्यांत तेव्हा मॅट्रिक झालेली ढिवराची बाई म्हणजे दाखवायची गोष्ट. लोक मला 'मॅट्रिकवालीचा नवरा' म्हणत. राग येत नव्हता असं म्हणणार नाही. थोडा येत होता. मूलबाळ आम्हाला झालं नाही. घरात ती अन् मी, दोघंच.

विमा विकायचा म्हणजे दुसऱ्याच्या दारात बसून त्याच्या मरणाची गोष्ट काढायची. आमच्याकडे हे चालत नाही. 'तुम्ही मेले तर' असं दारात बसून कोणी बोललं, तर घरची म्हातारी झाडायचा फडा घेऊन उठते. म्हणून तिनं आपली एक रीत काढली होती. मरण म्हणायचंच नाही. गावाला जाणं म्हणायचं.

"भाऊ, तुमी गावाले गेले अन् यायले उशीर झाला, तं घरच्याईनं का करावं?"

समोरचा समजायचा. कोणत्या गावाला, ते कोणी विचारत नसे. एकानं एकदा विचारलं, "बाई, त्या गावाले एसटी जाते का?"

ती म्हणाली, "जाते ना भाऊ. वापसीची नाई भेटत."

तो हसला अन् त्यानं सही केली. असं तिचं काम होतं. आठ-दहा गावं तिनं पायी फिरून धरली होती. हप्ता घ्यायला ती तळ्याच्या पाळीवर यायची, मासोळीचे वाटे पडायच्या वेळेला. हातात पैसा असतो त्या वेळेलाच माणूस हप्ता देतो, घरी गेला की देत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. सगळ्यात पहिली पॉलिसी तिनं माझी काढली. मी डोंग्यात जातो, पाण्याचा काही भरवसा नाही. स्वतःची काढली नाही. म्हणे, "मले का होते? मी का पान्यात जातो?"

तिला पाण्यानं नाही नेलं, खर्र्यानं नेलं. आमच्याकडे दारात माणूस आला की चहाच्या आधी खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटून समोर धरतात. नाही म्हटलं तर घरवाल्याचं तोंड उतरतं, मग कायचा विमा अन् कायचं काय. ती प्रत्येक दारात घ्यायची. मीही खायचो, पण मला काही झालं नाही. हे कसं, ते कोणत्याच डॉक्टरनं मला सांगितलं नाही.

एका दिवाळीला तिचं तोंड उघडेना. भाताचा घास जाईना. गालात आतून गाठ. नागपूरच्या दवाखान्यात नेलं, तिथं मशीनखाली शेक दिला. त्यानं गाल काळा पडला अन् गाठ तशीच राहिली. डॉक्टर मला व्हरांड्यात घेऊन सांगायला लागला, तर ती मागून आली. म्हणाली, "मले सांगा. त्याइले समजत नाई." डॉक्टरनं सांगितलं. उशीर झाला होता.

गावात आम्ही सांगितलं, दाढ खराब आहे. कारण आमचे लोक या रोगाला भितात. लागतो म्हणतात. त्या घरचं पाणी पीत नाहीत, त्या हाताला हात लावत नाहीत. अन् तिचा धंदा सगळा हातातून हातात देण्या-घेण्याचा. ती तोंडावर पदर घेऊन फिरायला लागली. लोकांना वाटलं, म्हातारपणी मॅट्रिकवालीला लाज यायला लागली.

त्यातच तिच्या साहेबाचा निरोप आला. एजंटाचं लायसन्स तीन वर्षांचं असतं. ते पुढं चालू ठेवायचं तर मुदतीच्या आत ट्रेनिंगला बसावं लागतं, ठरलेले तास भरावे लागतात. तास कमी पडले तर लायसन्स गेलं. मागच्या वेळी ती हसत गेली होती, एक चांगली बॅग घेऊन आली होती. या वेळी ट्रेनिंग चंद्रपूरला होतं, अन् तिला घोटभर पेज प्यायला अर्धी सकाळ लागत होती.

मी सरळ म्हटलं, "मरून रायली तू, अन् तुले शाळेत जायचं हाये?"

"त्या गावाले जाचं हाये, म्हणूनच शाळेत जातो."

"डोकं फिरलं तुवं."

"आइका तं," ती म्हणाली. बोलताना तिला त्रास व्हायचा, म्हणून ती थांबून थांबून बोलायची. "आज लायसन्स गेलं तं माही सारी माणसं ऑफिस दुसऱ्याले देऊन टाकीन. तो येईन का पाळीवर हप्ता घ्याले? नाई येत. लोकाईचा हप्ता चुकला का पॉलिसी बंद. इतके वर्ष भरलं ते पान्यात. मले थोडा टाइम पायजे. गावातली एखादी बाई तयार करतो, तिले सारे घरं दाखवतो. मंग मी मोकळी."

एवढंच तिला पाहिजे होतं. मी गेलो सोबत.

चंद्रपूरला उन्हाळा. एका दुकानाच्या माडीवर हॉल, वर दोन पंखे, त्यातला एक बंद. सकाळी आल्यावर सही, जाताना सही. शिकवणारा नागपूरकडचा, गळ्यात टाय, पण वागायला वाईट नव्हता. मी दाराजवळ पेजेची बाटली अन् चमचा घेऊन बसायचो. ती पहिल्या रांगेत, पदर नाकापर्यंत. आमच्या बाजूच्या मोठ्या गावचा एक एजंट होता, मोटरसायकलवाला. तोंडाचा फाटका.

"वैनी, लाजता काऊन? लाजली ते एजंट कायची!"

ती हात हलवायची. मला म्हणायचा, "भाऊ, बायकोची ट्रेनिंग अन् तुमी शिकून रायले! तुमालेबी लायसन्स देतीन."

तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी सरांनी नवीन नियम सांगितले. ग्राहकापासून काही लपवायचं नाही, ग्राहकाला काही लपवू द्यायचं नाही. मृत्यू हा शब्द टाळायचा नाही, स्पष्ट उच्चारायचा. मग म्हणाले, आता प्रत्यक्ष करून दाखवा. एक जण एजंट, एक जण ग्राहक. "ताई, तुम्ही अनुभवी आहात. या पुढे. ग्राहक कोण होतं?"

मोटरसायकलवाला ओरडला, "सर, गिराईक दारात बसून हाये! तीन दिवसांपासून फुकटात!"

हॉल हसला. मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. समोर ती.

तिनं बॅगेतून कोरा फॉर्म काढला, मांडीवर घेतला. मला म्हणाली, "भाऊ, तुमचं नाव?"

"नवऱ्याले भाऊ म्हणते!" परत हसले सगळे. पण ती हसली नाही. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. मी नाव सांगितलं. गाव, वय, धंदा सांगितला. तिचा आवाज मडक्यातून आल्यासारखा यायचा, मला सवयीनं समजत होता. मागच्यांना समजेना.

"भाऊ, तुमी गावाले गेले..." तिनं सुरू केलं.

"ताई, स्पष्ट," सर म्हणाले. "आत्ताच काय शिकलो?"

ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमी मेले, तं."

इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. कोणाच्याही बाबतीत. ती पुढं विचारत गेली. दारू पिता का, कोणतं ऑपरेशन झालं का, डोळे कसे आहेत. मी उत्तर देत गेलो. तिचा पेन चालत होता. माझी पॉलिसी काढली तेव्हाही ती अशीच समोर बसली होती अन् मला दटावलं होतं, फॉर्मवर खोटं बोलायचं नाही, बोललं तर पुढं क्लेम अडकतो. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"घरात कोनाले मोठा आजार?" तिनं विचारलं.

"हाये," मी म्हटलं. "बायकोले. तोंडाचा कॅन्सर."

तिचा पेन थांबला. मला वाटलं, ती उठून जाईल. ती गेली नाही. तिनं मान खाली घातली अन् फॉर्मवर होतं त्याच्या पुढचं विचारलं.

"किती दिवसापासून?"

"दिवाळीपासून."

"औषध चालू हाये?"

"नागपुरात शेक देल्ला. आता काई नाई."

तिनं लिहिलं. सही करायला फॉर्म माझ्यापुढं धरला. मी केली.

सरांनी खडू खाली ठेवला. ते तिच्याजवळ येऊन हळू बोलले, ताई, तुम्ही घरी जा, बाकीची हजेरी मी पाहून घेतो. ती म्हणाली, "नाई सर. तास पुरे झाले पायजे. तुमीच सांगतलं." अन् पहिल्या रांगेत जाऊन बसली. शेजारच्या बाईनं आपली बॅग दोघींच्या मधून उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. संध्याकाळी मोटरसायकलवाला सगळ्यांच्या आधी सही करून निघाला.

शेवटची सही करून आम्ही एसटीत बसलो. मूल गाव येईपर्यंत ती बाहेर पाहत होती. मग म्हणाली, "काऊन सांगतलं?"

"तूच सांगते ना, फॉर्मवर खोटं नाई बोलाचं."

"तो खरा फॉर्म होता का? शिकाचा होता."

"मले का मालूम. फॉर्म तं तसाच होता."

सिंदेवाही आली तेव्हा तिनं तोंडावरचा पदर खाली घेतला. "आता कायले," म्हणाली. बाजूच्या सीटवरची बाई लेकराला घेऊन मागं जाऊन बसली.

लायसन्स झालं. साहेबानं माणसाच्या हाती पाठवलं, नवीन तीन वर्षांचं. तिनं तारीख वाचून दाखवली अन् गाल धरून हसली. "तीन वर्षं! पाहा बाप्पा, ऑफिसचा माह्यावर किती भरोसा हाये."

पण आमच्याआधी बातमी गावागावांत पोचली होती. मोटरसायकल पायापेक्षा लवकर जाते. ती पहिल्या घरी गेली, तिथं तिला बसा म्हटलं, पण खर्रा कोणी धरला नाही. तिला खायचा नव्हताच. तरी धरला नाही, हे तिनं मला घरी येऊन सांगितलं. दुसऱ्या घरी हप्ता ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवला होता, वर दगड. घरातूनच आवाज आला, "बाई, तिथंच ठेवलं हाये, घेऊन जा." पाळीवर ती आली की वाटे घेऊन लोक दुसऱ्या बाजूनं उतरायचे. ज्या बाईला ती तयार करणार होती, तिची सासू मध्ये उभी राहिली. "आमची सून नाई येत. तिले लेकरंबाळं हायेत."

मग एकेक जण म्हणायला लागला, आम्ही आता त्या मोटरसायकलवाल्या भाऊकडे भरतो. तोंडावर म्हणाले नाहीत. मला म्हणाले, मासोळी घेताना.

लोक आजही म्हणतात, तू हॉलमध्ये तोंड उघडलं नसतं तर बाईची माणसं तिच्याजवळ राहिली असती. म्हणोत. मी खोटं बोललो नाही. ज्यांनी दारादारात तिच्या हातावर खर्रा ठेवला, त्यांनीच तिच्या हाताला रोग लावला. मी नाही लावला.

ती चालता येईल तोवर गेली. दारातून दारात. कोणी घेवो न घेवो, हप्त्याची तारीख सांगून यायची. शेवटी आवाजही गेला, तेव्हा बोटानं दाखवायची. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत ती मेली. सगळं गाव चिखलात होतं. खांद्याला माणसं कमी पडली, माझ्या मासेमारी सोसायटीचे दोन-चार ढिवर अन् मी. मी तिला उचललं तेव्हा जाळ्याएवढंही वजन नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात मोटरसायकलवाला माझ्या दारात आला. माझी पॉलिसी बंद पडली होती, कारण माझा हप्ता तीच भरायची. तो म्हणाला, "भाऊ, चालू करून घेऊ. तब्येतीचा एक फॉर्म भरा लागते, बस." तो ओट्यावर बसला. पहिल्यांदाच बसला. फॉर्म काढला अन् विचारायला लागला. दारू, ऑपरेशन, डोळे.

"घरात कोनाले मोठा आजार?"

"घरात कोनी नाई," मी म्हटलं.

त्यानं ते लिहिलं. मग म्हणाला, "भाऊ, वारसाच्या जागी वैनीचं नाव हाये. ते बदलावं लागते. पुतन्याचं सांगा कोनाचं तरी."

"राहू दे."

"मेलेल्या मानसाचं नाव चालत नाई ना, भाऊ."

"मंग फॉर्म वापस ने."

त्याला वाटलं मी चिडलो. त्यानं खिशातून पन्नी काढली, खर्रा घोटला, माझ्यापुढं धरला. तिच्यापुढं त्यानं असा हात एकदाही केला नव्हता. मी म्हटलं, "खिशात ठेव." त्यानं ठेवला. मोटरसायकल चालू करून गेला.

माझी पॉलिसी गेली. तिनं भरलेलं सगळं गेलं. तिचं लायसन्स पेटीत आहे, त्याची मुदत ती मेल्यावरही राहिली होती. उद्या मी गावाला गेलो अन् यायला उशीर झाला, तर घरच्यांनी काय करावं, हे मला आता कोणी विचारत नाही. विचारलं तरी दारात उभं राहून वाट पाहणारं घरात आहे कोण?