धाकटीचा पाव तास

माझी धाकटी बहीण एका लॉन्ड्रीत एकोणीस वर्षं उभी आहे. उभी म्हणजे उभीच. हॉटेलांच्या चादरी येतात. उजव्या हाताने इस्त्री दाबायची, डाव्याने कापड ताणायचं. दिवसाला दीडशे चादरी. काठ राहिला तर चादर झाली असं ती म्हणत नाही. मी जन्मभर गिलावा केला, त्यामुळे खांदा म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. तिचा उजवा खांदा बोटभर खाली आलाय. डॉक्टर म्हणाले, मधली विश्रांती चुकवलीत तर हा हात वर जायचा बंद होईल.

मधली विश्रांती म्हणजे साडेतीनचा पाव तास. गाठोड्यावर बसायचं, हात मांडीत सोडायचा, चहा प्यायचा. बाकी काही नाही.

मागच्या महिन्यात मालकाच्या सुनेने तोही उचलला. तिने 'स्वतःला घडवा' नावाचा ऐकायचा कार्यक्रम आणला. बारा भाग, एकेक पाव तासाचा. सगळ्या बायकांच्या मोबाइलवर घातला.

"मावशी, नुसतं बसून काय मिळतं? ऐका, आणि तो सांगेल ते करा."

तो काय सांगतो? ताठ उभे राहा, दोन्ही हात वर घ्या, मोठ्याने म्हणा, मी थकत नाही.

शेजारची घडी घालणारी म्हणाली, "आपण चादरींच्या घड्या घालतो, हा आपलीच घालतोय."

धाकटीने घरी सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. पहिला थर वाळायच्या आत दुसरा चढवणाऱ्याला मी मचाणावरून खाली उतरवत असे. इथे भिंत नाही, माणूस आहे.

"तुला सुधारायचंय का?" मी विचारलं.

"मला बसायचंय, दादा."

तीन दिवस तिने हात वर केले. तिसऱ्या दिवशी चहाचा कप डाव्या हाताने उचलला.

शेवटचं संगीत लागलं की बाकीच्या बायका इअरफोन काढून कामाला पळत. काठ न सोडणारी धाकटी मात्र त्या दिवशी इस्त्री हातात घेऊनही ऐकत राहिली. संगीतानंतर तोच माणूस बोलला, "दोन भागांच्या मध्ये दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्या. काही ऐकू नका. शांत बसा. नाहीतर उपयोग होणार नाही."

चौथ्या दिवशी ती गाठोड्यावर बसली.

"मावशी, इअरफोन कुठायत?"

"विश्रांती चालू आहे."

"कसली?"

धाकटीने मोबाइल मोठ्याने लावला. सगळ्यांनी ऐकलं. घडी घालणारी लगेच तिच्या शेजारी टेकली.

"अहो, ते घरी करायचं असतं," सून म्हणाली.

"मग ऐकायचंही घरीच असेल."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहून आलं: एक दिवस ऐकणे, दोन दिवस विश्रांती.

धाकटी खूश आहे. म्हणते, "दादा, तीनातले दोन तरी मिळाले."

मिळाले? तिचेच होते. तिन्ही.

दर तिसऱ्या दिवशी, ऐकायची पाळी आली की, ती अजून उभी राहते. फक्त डावा हात वर करते.