मोठ्या आईचे डबे

माझ्या लग्नात मला एकवीस स्टीलचे डबे आले होते, एकात एक बसणारे, प्रत्येकावर माझं नाव कोरलेलं. मिठबावात आमच्या वाडीत असा संच दुसऱ्या कोणाकडे नव्हता. फळीवर मांडले तेव्हा दोन दिवस बायका बघायला आल्या. तिसऱ्या दिवशी सगळ्या परत माझ्या जावेजवळ पडवीत जाऊन बसल्या.

थोरली जाऊ माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. मूलबाळ नाही, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, बोलणंही बेताचं. तिचा जीव डब्यांत, आणि तेही लोकांनी टाकलेल्या. गणपतीला आलेले मुंबईकर परत गेले की ही घरोघर फिरून रिकामं मागून आणायची. दूध पावडरचे डबे, बिस्किटांचे पत्र्याचे डबे, काचेच्या बरण्या, काय वाटेल ते. प्लास्टिकची पिशवी दिसली की तिचं डोकं फिरायचं. दिरांच्या जाळ्यात तेव्हा मासळीबरोबर पिशव्याच पिशव्या यायच्या, त्या सोडवून सोडवून त्यांची बोटं सोलपटलेली असायची. म्हणून तिने मनावर घेतलं असावं. मीठ, मसाला, सुकी मासळी, सगळं डब्यात. वाडीतली कोणीही यायची, "वयनी, एक डबो दी गो," आणि ही काढून द्यायची. परत आला नाही तरी विचारायची नाही. माझे डबे कोण मागणार? नाव घातलेलं भांडं न्यायचं म्हणजे परत करायची जोखीम. हे मला कळत होतं, तरी जळफळाट व्हायचाच. मी बारावी पास, कसालच्या बाजारपेठेतली, आणि मान कोणाला, तर भंगार गोळा करणारीला!

हे सगळं मी गिळलं असतं. पण माझी मुलगी तिच्याकडे ओढली गेली आणि माझा ताबा सुटला. मुलगी तिला मोठी आई म्हणायची. रीतच ती, कबूल. पण पोरीने 'मोठी' म्हटलं की मला वाटायचं, मग मी कोण, धाकटी? दुसरीत गेल्यावर मी तिला जत्रेतून गुलाबी प्लास्टिकचा डबा आणला, झाकणावर बदक असलेला. तो तिने एक दिवस नेला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "माका मोठ्या आयेचो डबो व्हयो." मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. ती रडत गेली कोणाकडे, सांगायलाच नको.

त्याच वर्षी शाळेत नवीन बाई आल्या. पोरं मधल्या सुट्टीचा खाऊ पिशव्यांतून आणायची आणि त्या पिशव्या वाऱ्याने उडून शाळेच्या विहिरीत पडायच्या. बाईंनी पिशव्या बंद केल्या. माझ्या मुलीने घरी येऊन मोठ्या आईला सांगितलं, आणि हिने आठ दिवसांत अख्ख्या वर्गाला डबे करून दिले. प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिंधी बांधून, म्हणजे अदलाबदल नको. शाळेत त्याचा बोलबाला झाला. मग बाईंची चिठ्ठी आली. शनिवारी शाळेत कार्यक्रम आहे, ज्यांनी डबे केले त्यांचा सत्कार करायचा आहे, त्यांना पाठवावं.

मुलीने चिठ्ठी जावेच्या हातात दिली. तिला वाचता येत नव्हतं. ती माझ्याकडेच घेऊन आली. लाजत होती, चक्क.

"किती वाजता म्हणान लिवलाहा गो?"

चिठ्ठीत सकाळचे दहा होते; पोरांना बाईंनी नुसतं शनिवारी एवढंच सांगितलं होतं.

"चार," मी म्हटलं. "दुपारी चार."

शनिवारी सकाळी बाजारात जाते म्हणून मी घरातून निघाले आणि सरळ शाळेत गेले. बाईंना म्हटलं, जावेला बरं नाही, तिने मला पाठवलंय. बाईंनी ते सगळ्यांसमोर सांगितलं आणि शाळेच्या मुख्य गुरुजींनी मला शाल-नारळ दिला. टाळ्या झाल्या. खोटं का बोलू, बरं वाटलं! तेवढ्यात गुरुजींनी विचारलं, "पत्र्याची धार मुलांच्या हाताला लागू नये म्हणून तुम्ही काय करता?"

तुम्ही! डबे आम्ही दोघी मिळून करतो असं त्यांना वाटलं असावं. मी त्या डब्यांना कधी हातसुद्धा लावला नव्हता. म्हटलं, "घासते... चांगले घासते."

पुढच्या रांगेतून माझीच मुलगी उभी राहिली. "नाय गुरुजी! मोठी आई कड दगडान ठोकता, मगे मेण लायता!" सगळी शाळा हसली. गुरुजीही हसले. मुलगी मात्र माझ्याकडे बघत होती. मोठ्या आईला बरं नाही, हे तिने आत्ता पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि सकाळी तर मोठ्या आईनेच तिची वेणी घातली होती.

आम्ही घरी पोचलो तेव्हा एक वाजला असेल. जाऊ पायरीवर बसली होती. ठेवणीतली हिरवी साडी नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून. एरवी अनवाणी फिरणारी बाई, तिच्या पायात चपला होत्या. चारला अजून तीन तास होते.

"मोठ्या आये, तू कित्याक नाय इलंस?" मुलगी धावत जाऊन तिला बिलगली.

जावेने माझ्या हातातली शाल बघितली, नारळ बघितला.

"झालो काय कार्यक्रम?"

"वेळ बदलली," मी म्हटलं.

"बरा झाला गो. माका थंय उभ्या रवाक जमलाच नसता."

मी शाल पुढे केली. तिने काठाला दोन बोटं लावून बघितली. "बरी आसा. थंडीत तुका होतली." मग चपला काढून ती साडी बदलायला आत गेली आणि मुलगी तिच्यामागून गेली. आतून मुलीचा आवाज यायला लागला. कोण काय बोललं, कोण हसलं, सगळं पहिल्यापासून मोठ्या आईला सांगत होती.

मी केलं ते वाईट होतं, ते मला तेव्हाच कळलं होतं. नाकारत नाही. पण त्या घडीला, शाल घेऊन पडवीत उभी असताना, मला लाज वाटत नव्हती. शाळेपासून घरापर्यंतच्या अर्ध्या तासात पोर माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती, एवढंच माझ्या मनात होतं.